कळप पुन्हा उभा राहावा म्हणून
(प्रस्तावना)

इथिओपियाच्या दक्षिण टोकाला, केनियाच्या सीमेलगत, बोराना लोकांचा मुलूख आहे. समुद्रसपाटीपासून हजार ते सोळाशे मीटर उंचीचे पठार, लाल माती, बाभळीच्या जातीची काटेरी झाडे आणि माणसाहून उंच वारुळे. अदिस अबाबाहून निघालेला रस्ता सुमारे पावणेसहाशे किलोमीटरवर याबेलोला पोचतो आणि पुढे दुबलुक, मेगा करत सीमेवरच्या मोयाले शहरात उतरतो. बोराना हे ओरोमो समाजाचे लोक. ओरोमो हा इथिओपियातला सर्वांत मोठा समाज असून त्यातले बहुतेक शेतकरी आहेत. बोराना मात्र पिढ्यान्‌पिढ्या गाईगुरांवर जगत आले. या पठारावर वर्षातून दोनदा पाऊस येतो. मार्च ते मे हा ‘गन्ना’, म्हणजे मोठा पावसाळा. आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा ‘हगय्या’, छोटा पावसाळा. २०२० च्या हगय्यापासून २०२२ च्या हगय्यापर्यंत लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले. गेल्या चाळीस वर्षांत एवढा मोठा दुष्काळ पडला नव्हता. लाखो जनावरे मेली, दुबलुकजवळ विस्थापितांची मोठी छावणी उभी राहिली, आणि काल-परवापर्यंत ज्यांच्या वाड्यात गुरे मावत नव्हती अशी माणसे धान्याच्या रांगेत आली.

त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांतून जी छायाचित्रे आली ती गुरांच्या सांगाड्यांची होती. ती खरी होती, पण त्यांवरून वाचकाचा एक समज होतो, की जनावरे मेली म्हणून बोराना गरीब झाले. पुढच्या प्रकरणांचा सगळा रोख या समजाविरुद्ध आहे, आणि तो मला पटतो. जनावरे मरणे बोरानांना नवीन नाही. १९८३ ते ८५, १९९१ ते ९३, १९९९-२०००, २०११, २०१६-१७ अशी दुष्काळांची मालिकाच आहे. सोलोमन देस्ता आणि लेन कॉपॉक या संशोधकांनी १९८० ते १९९७ या काळात इथल्या कळपांचे काय झाले याचा घरोघर जाऊन हिशेब मांडला, तेव्हा त्यातल्या पहिल्या दोन दुष्काळांत ३७ ते ४२ टक्के गुरे मेल्याचे दिसले. इतकी गुरे गमावूनही पूर्वी कळप पुन्हा उभा राहत असे. गरिबी आली ती कळप उभा राहीनासा झाला तेव्हा. बोरानांसाठी कोणी कोणतीही विकासयोजना मांडो, तिला विचारण्याचा पहिला प्रश्न मला हाच वाटतो: गुरे गमावलेले घर हिच्यामुळे पुन्हा उभे राहते का?

कळप उभा राहण्याचे गणित सावकाशीचे असते. बोरान जातीची गाय, पाठीवर वशिंड असलेली, काटक आणि लांब चालणारी, कुरणावरच्या चाऱ्यावर वाढली तर चार वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. पुढे वर्षा-सव्वा वर्षाने, वाईट काळात दोन वर्षांनी एकेक वासरू. त्यातले निम्मे गोऱ्हे. काही वासरे पहिल्याच उन्हाळ्यात जातात, कारण त्यांना हवे असलेले आईचे दूध घरातली मुलेही पितात. ज्या घरी तीन गाई उरल्या त्या घराला पंधरा गाई व्हायला आठ-दहा वर्षे सहज लागतात, तीही मधल्या काळात कोणाच्या आजारपणासाठी, मक्यासाठी, लग्नासाठी एकही कालवड विकावी लागली नाही तर. दोन मोठ्या दुष्काळांत पूर्वी एवढे नाही तरी पाच-सहा वर्षांचे अंतर बहुधा मिळत असे. आता २०१६-१७ आणि २०२० यांच्यात तीन वर्षे मिळाली. त्या तीन वर्षांत जन्मलेली कालवड गाभण राहायच्या आत पुढचा दुष्काळ दारात आला.

हे अंतर का आक्रसले याचे एक उत्तर आकाशात आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने निष्कर्ष काढला, की माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे हॉर्न ऑफ आफ्रिकेतल्या या दुष्काळाची शक्यता किमान शंभर पटींनी वाढली. पाऊस कमी पडला हे तर झालेच, पण वाढलेल्या उष्म्याने जमिनीतली आणि गवतातली उरलीसुरली ओलही शोषून घेतली. ज्यांच्या गावात मोटार कधीमधी येते, त्यांनी इतरांच्या धुराची ही किंमत मोजली, आणि ती त्यांना कोणी परत केलेली नाही.

दुसरे उत्तर जमिनीवर आहे. ते अधिक गुंतागुंतीचे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे.

बोरानांचा इतिहास म्हणजे फिरण्याची मुभा कमी कमी होत जाण्याचा इतिहास आहे. त्याचे पहिले पान बुळकांडीचे. १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी हिंदुस्थानातून आणलेल्या गुरांबरोबर हा रोग तांबड्या समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरला, असे इतिहासकार मानतात. तिथून तो दहा वर्षांच्या आत आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत गेला. इथिओपियातली बहुतेक गुरे त्यात मेली आणि पाठोपाठ जो महाभयंकर दुष्काळ पडला त्यात माणसे मेली. (बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याची घोषणा २०११ साली झाली. नेमके त्याच वर्षी बोराना पुन्हा दुष्काळात होते.) अशा खचलेल्या मुलखावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सम्राट मेनेलिकच्या फौजा उतरल्या आणि बोराना इथिओपियाच्या साम्राज्यात गेले. १९०७ मध्ये इथिओपिया आणि ब्रिटिश पूर्व आफ्रिका यांच्यात सीमा ठरली आणि एकाच समाजाचे, एकाच कुळांचे, एकाच कुरणांवर चरणारे लोक दोन देशांत वाटले गेले. १९९१ नंतर इथिओपियात भाषा आणि वंश यांवर आधारलेली प्रदेशरचना आली, तेव्हा शेजारच्या समाजांशी कुरणे आणि विहिरी यांवरून असलेले जुने तंटे प्रादेशिक सीमेचे तंटे झाले. पूर्वी दोन म्हाताऱ्यांनी झाडाखाली बसून मिटवलेला वाद आता बंदुका आणि नकाशे घेऊन लढला जातो.

या पठारावरचा सगळा हिशेब पाण्याभोवती फिरतो, म्हणून विहिरीपाशी थोडे थांबले पाहिजे. बोरानांच्या खोल विहिरींना ‘तुला’ म्हणतात. त्यांचे नऊ समूह प्रसिद्ध आहेत. दुबलुक, मेलबाना, गायो, वेब ही त्यांतली काही नावे. काही विहिरी तीस मीटरपर्यंत खोल. गुरांना पाण्याजवळ नेण्यासाठी जमीन कापून उतरता चर खणलेला असतो. गुरे एकामागून एक त्या चरातून उतरतात आणि तळाच्या अंगणात मातीने लिंपलेल्या कुंडांना तोंड लावतात. त्या कुंडांच्याही खाली, अरुंद भोकात, लाकडी मचाणांवर आणि खडकाच्या पायऱ्यांवर माणसे एकाच्या डोक्यावर एक अशी उभी असतात. तळचा माणूस बादली भरून वर फेकतो, वरचा ती झेलून त्याच्या वरच्याला देतो, रिकामी बादली त्याच वेगाने खाली येते. पूर्वी या बादल्या कातड्याच्या असत, आता प्लास्टिकच्या कॅनचे तोंड कापून केलेल्या. सगळे जण तालात गातात, कारण ताल चुकला तर पाणी सांडते आणि हात निसटतो. परदेशी पाहुण्यांनी म्हणूनच यांना ‘गाणाऱ्या विहिरी’ हे नाव दिले.

पाहुण्यांना दिसत नाही तो त्यामागचा कायदा. प्रत्येक विहिरीची एका कुळाकडे देखरेख असते. ती ज्याने पहिल्यांदा खणली त्याच्या वंशजाला, ‘अब्बा कोन्फी’ला, मान असतो. कोणाच्या गुरांनी कोणत्या दिवशी, कितव्या पाळीला पाणी प्यायचे हे ‘अब्बा हेरेगा’ ठरवतो. कोरड्या दिवसांत गुरे रोज पाणी पीत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची पाळी येते, मधले दोन दिवस ती दूरच्या गवतावर असतात. पाण्याला दाम नाही, पण उपशाला आणि गाळ काढायला माणूस द्यावा लागतो. किती गुरे कोणत्या कुरणावर किती दिवस टिकतील याचे नियंत्रण या पाळीतच दडलेले आहे. दुष्काळात पाणी खाली जाते, माणसांची साखळी लांबवावी लागते, आणि नेमके तेव्हाच धडधाकट पोरे लांबच्या चराईवर किंवा शहरात मजुरीला गेलेली असतात. विहिरीला पाणी असूनही ते वर यायला माणूस नसतो. ही अडचण कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्यात बसत नाही.

सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या पैशातून दक्षिणेतल्या कुरणांच्या विकासाची योजना आली. हेतू चांगला होता. पावसाळी चराईच्या भागात, जिथे कायमचे पाणी नव्हते, मोठमोठी तळी खणली गेली. गुरांना पाणी मिळाले. पण त्या भागात कोरड्या दिवसांत पाणी नसणे हीच तिथल्या गवताची विश्रांती होती. पाऊस संपला की कळप विहिरींकडे परतत आणि मागे गवत पुन्हा धरत असे. तळी झाली आणि कळप बाराही महिने तिथेच राहू लागले. त्याच काळात कुरणे जाळण्यावर सरकारने बंदी घातली. दर काही वर्षांनी गवत पेटवून काटेरी झुडपे दाबून ठेवायची ही जुनी रीत होती. बंदीनंतर झुडपे माजली आणि गाईचे कुरण हळूहळू शेळी-उंटाचे रान झाले. आज अनेक बोराना घरांत उंट दिसतात ते म्हणूनच. उंट झुडपे खातो आणि दुष्काळातही दूध देतो. लोकांनी स्वतःहून काढलेली ही वाट आहे. पण उंट घ्यायला आधी भांडवल लागते, आणि ते ज्याच्याकडे नाही तो मागेच राहतो.

गरिबी प्रत्यक्ष येते कशी, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात इथिओपियाच्याच १९७३-७४ च्या दुष्काळावरून दाखवले आहे. पशुपालक नुसत्या दुधावर जगत नाही. तो जनावर विकून धान्य घेतो, कारण त्याच पैशात मांसापेक्षा धान्याने जास्त पोटे भरतात. दुष्काळात सगळे एकदम विकायला निघतात, जनावर हाडांवर आलेले असते, भाव कोसळतो. त्याच वेळी मका महाग होतो. काल ज्या बैलाच्या बदल्यात वर्षभराचा मका आला असता, त्याच्या बदल्यात आज दोन पोतीही येत नाहीत. गुरे मेल्यामुळे जे जाते त्याहून अधिक काही वेळा जिवंत गुरांचा भाव गेल्यामुळे जाते. दुबलुकच्या किंवा हारोबाकेच्या गुरांच्या बाजारात उभा असलेला माणूस हे शास्त्र न शिकता जाणतो. घरी एखादी गाय बसली की चार जण मिळून शेपूट आणि शिंगे धरून तिला उठवतात. ती उठली तर संध्याकाळपर्यंत उभी राहील, चरेल, कदाचित पाऊस येईल. म्हणून तो तिला विकत नाही. बाहेरून आलेले लोक याला गुरांचा वेडा लोभ म्हणत आले. वर सांगितलेले आठ-दहा वर्षांचे गणित ज्याला माहीत आहे तो एक तरी वेत शिल्लक असलेली गाय सहजी विकणार नाही; त्यात लोभ कसला?

मग करायचे काय? काही गोष्टी करून पाहिलेल्या आहेत, आणि त्यांतून शिकण्यासारखे आहे.

२००६ च्या दुष्काळात मोयाले भागात एका मदतसंस्थेने व्यापाऱ्यांना गावांशी जोडून दिले, थोडे कर्जही दिले. गुरे अजून चालण्याच्या स्थितीत असताना व्यापाऱ्यांनी सुमारे २०,००० जनावरे विकत घेतली. लोकांनी त्या पैशातून धान्य घेतले, उरलेल्या जनावरांना चारा आणि औषधे आणली, काहींनी गुरे ट्रकमध्ये घालून दुसरीकडे हलवली. धान्यवाटपाच्या मानाने खर्च अगदी किरकोळ होता. हे जमले ते वेळेमुळे. आणखी दोन महिने उशीर झाला असता तर व्यापारी फिरकले नसते. मदत गाय मरायच्या आधी आली तर ती कळप वाचवते. नंतर आली तर माणूस जगतो, पण कळप जातो. माणूस जगणे ही लहान गोष्ट नव्हे, परंतु तो ज्यावर जगणार ते गेले तर पुढच्या वर्षीही तो त्याच रांगेत उभा असेल. दुष्काळी मदतीची यंत्रणा मात्र अजूनही बहुतेक वेळा मरतुकीचे आकडे आल्यावर हलते.

२०१२ मध्ये ओरोमिया इन्शुरन्स कंपनीने आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या साहाय्याने बोरानात पशुविमा सुरू केला. एकेका मेलेल्या गाईचा पंचनामा करणे अशक्य, म्हणून उपग्रहातून कुरणाची हिरवाई मोजायची आणि ती ठरलेल्या पातळीखाली गेली की भरपाई द्यायची, अशी त्याची रचना. कल्पना उत्तम आहे. तिच्यातला दोषही उघड आहे: उपग्रहाला झुडपेही हिरवीच दिसतात आणि गाय ती खात नाही. शिवाय सर्वांत गरीब घराला हप्ता परवडत नाही. २००५ पासून सुरक्षा-जाळ्याची सरकारी योजना चालू आहे. सार्वजनिक कामांच्या बदल्यात पैसे किंवा धान्य. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आपली रोजगार हमी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे मोल वेगळे सांगायला नको. पण खडी फोडण्याचे आणि बांध घालण्याचे काम एका जागी राहणाऱ्याला सोयीचे. महिनोन्‌महिने कळपामागे असणाऱ्याला हजेरीपटावर नाव ठेवणे कठीण जाते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बायकांचा अनुभव. बोरानांमध्ये गुरे पुरुषांच्या नावावर, दूध मात्र बायकांचे. घट्ट विणलेल्या, धुरी दिलेल्या भांड्यांत ते साठवणे, लोणी काढणे, गावात नेऊन विकणे हे सारे त्यांच्याकडे. कळप गेला की त्यांचे दूध जाते आणि हाती येणारा पैसाही. पाण्यासाठीची पायपीट तेवढी दुप्पट होते. २००० ते २००९ या काळात एका संशोधन प्रकल्पाने बोरानातल्या काही बायकांना सीमेपलीकडे उत्तर केनियात नेले. तिथे पशुपालक बायकांचे बचत गट आधीपासून चालू होते. परत आल्यावर यांनी आपापले गट काढले, अक्षर-आकडे शिकल्या, लहान कर्जे घेऊन शेळ्या-मेंढ्यांचा आणि किराण्याचा व्यापार सुरू केला. २००५ ते २००८ च्या दुष्काळात या गटांतली घरे इतरांपेक्षा सावरलेली राहिली, उपासमार कमी झाली, असे २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. तळी खणण्याच्या योजनेपेक्षा हा खर्च किती लहान होता! आणि गुरू कोण, तर पलीकडच्या गावातल्या तशाच निरक्षर, तशाच गरीब बायका.

बोरानांची स्वतःची व्यवस्थाही विसरून चालणार नाही. ‘गदा’ ही त्यांची दर आठ वर्षांनी नेतृत्व बदलणारी राज्यपद्धती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. अस्मारोम लेगेसे यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात तिचे सखोल विवेचन केले आहे. दर आठ वर्षांनी गायो येथे ‘गुमी गायो’ ही महासभा भरते आणि कुरणे, विहिरी, तंटे यांचे नियम तिथे ठरतात. गुरे गमावलेल्या माणसाला कुळातल्यांनी गाई देऊन उभे करण्याची ‘बुसा गोनोफा’ ही रीत याच व्यवस्थेतली. सुरुवातीला मी जो प्रश्न मांडला त्याचे बोरानांनी शोधलेले उत्तर तेच आहे. पण पाच पावसाळे हुकल्यावर देणाऱ्याच्याच वाड्यात गाय उरत नाही. शिवाय या सभांत बायकांचा आवाज दुबळा आहे, आणि कुळात ज्याचे वजन कमी त्याचा क्रमही मागे लागतो. म्हणून जुन्या व्यवस्थेचे नुसते गोडवे गाणे मला मान्य नाही. तिच्यात सरकारी पैसा, विम्याची भरपाई, बाहेरची मदत कशी ओतता येईल याचा विचार हवा, तिला वगळून नवे कार्यालय थाटण्याचा नव्हे.

आणि ज्यांचा कळप आता परत येणारच नाही, त्यांचे काय? अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांची मुले याबेलोत, मोयालेत हमाली करतात, जळण आणि कोळसा विकतात. त्यांना पशुपालक म्हणून मिरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांना शाळा हवी, तीही आई-बाप स्थलांतर करतात तेव्हा मूल मागे राहू शकेल अशी वसतिगृहाची. मुलींसाठी तर ती सर्वांत आधी. पशुवैद्यकाचे काम, दुधाचा संघ, दुरुस्तीचे कौशल्य, शहरात घामाचा दाम. लोकांना एका जागी बसवा, सगळे प्रश्न सुटतील, हा सरकारी अधिकाऱ्यांचा जुना आग्रह जितका चुकीचा, तितकाच भटकंतीच्या प्रेमात पडून कोणालाही तिच्यातून बाहेर पडू न देणारा आग्रहही चुकीचा. कळपामागे जायचे की नाही हे त्या घराने ठरवावे, आणि दोन्ही वाटांवर पोट भरावे.

हे पैशाशिवाय होणार नाही, आणि पैशाची स्थिती वाईट आहे. दुष्काळाच्या पहिल्या दोन वर्षांत इथिओपिया उत्तरेतल्या यादवीत गुंतला होता. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने धान्य महागले. जून २०२३ मध्ये धान्याची अफरातफर उघड झाल्यावर अमेरिकेची यूएसएड आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी देशभरचे धान्यवाटप काही महिने थांबवले. चोरी ज्यांनी केली ते उपाशी राहिले नाहीत, छावणीतली माणसे राहिली. २०२५ मध्ये तर यूएसएडच बंद झाली.

मराठीत आफ्रिकेवर जे लिहिले जाते ते बहुधा प्रवासवर्णन असते किंवा इंग्रजी बातमीचा गोषवारा. आपल्याकडे पशुवैद्यक आहेत, चारा छावण्या चालवलेले कार्यकर्ते आहेत, मेंढपाळांच्या वाड्याबरोबर हिंडलेले अभ्यासक आहेत, बचत गट उभे केलेल्या हजारो बायका आहेत. हा विषय त्यांच्या आवाक्यातला आहे. त्यांनी पुढची पाने आपल्या कामाच्या नजरेने वाचावीत, जिथे पटणार नाही तिथे तसे लिहून कळवावे. आणि बोरानाची बातमी पुन्हा कधी कानावर आली, तर किती गुरे मेली एवढ्यावर न थांबता, मागच्या दुष्काळात ज्यांची गुरे मेली त्यांच्या दारात आज दुभती गाय आहे का, हे विचारावे ही विनंती.